समतोल आहेर

माझी मुलगी प्रमिला सकाळी तोंडात घेतलेला घास संध्याकाळपर्यंत गालात ठेवू शकत असे. ही अतिशयोक्ती नाही. एकदा नांदुऱ्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी तिच्याकडे बघून, पोरीची दाढ सुजली आहे असं निदान केलं आणि लवंग आणायला सांगितलं. लवंग तोंडात घालायला गेले तर आतून सकाळची भाकरी निघाली. पाहुण्यांनी हात धुतले आणि पुढच्या खेपेला ते मुक्कामाला थांबले नाहीत.

प्रमिला चार वर्षांची होती आणि तिचा आहार तीन पदार्थांचा होता. ज्वारीच्या लाह्या, गूळ आणि पाटीवरची पेन्सिल. पहिले दोन तिची आई सिंधू द्यायची. तिसऱ्याचा पुरवठा नकळत माझ्याकडून व्हायचा, कारण मी वडनेर भोलजीला मास्तर होतो आणि शाळेतून घरी आलो की ती धावत येऊन पायजम्याला मिठी मारायची आणि दोन्ही खिसे तपासायची. त्या मिठीत माया किती आणि पेन्सिलीचा शोध किती, याचा मी फार खोलात जाऊन विचार केला नाही. बापाने असे विचार करू नयेत.

शेजारच्या गोजरबाईंनी घरभर लेकरं वाढवली होती, त्यामुळे त्यांचा सल्ला आम्हाला रोज मिळे आणि रोज वेगळा मिळे. दृष्ट काढून झाली. वावडिंग उकळून झालं. चांदीच्या वाटीत भरवून झालं, केळीच्या पानावर वाढून झालं, छतावर नेऊन कावळे दाखवून झाले. कावळे जेवले. शेवटी गोजरबाई म्हणाल्या की ज्याला सगळं चालतं, ज्याच्या पानात काही उरत नाही, अशा माणसाच्या हातून लेकराला भरवावं. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलायचं टाळलं.

यावर एक खुलासा करणं भाग आहे. मी कारलं खात नाही. दोडका, गवार, शेपू आणि आंबाडी याही भाज्या मी खात नाही. पण माझं न खाणं हा पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय आहे आणि प्रमिलाचं न खाणं हा हट्ट होता. हा फरक मी सिंधूला लग्नापासून समजावत आलो आहे. ती ऐकून घेते आणि मग चूल फुंकायला लागते.

हे सगळं असंच चाललं असतं, पण नागपंचमीला माझ्या सासूबाई पिंपळगाव राजाहून आल्या. त्यांचं नाव अन्नपूर्णाबाई. त्यांनी प्रमिलाचं मनगट हातात घेतलं, आपला अंगठा आणि करंगळी त्याच्याभोवती गुंडाळली, आणि तरी वर जागा उरली ती सगळ्यांना दाखवली. मग त्यांनी निकाल सांगितला. दसऱ्यापर्यंत पोरगी जेवायला लागली तर ठीक. नाहीतर त्या तिला पिंपळगावला घेऊन जाणार. तिकडे दोन म्हशी आहेत, मळा आहे, भरवायला माणसं आहेत. कधी परत पाठवणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सासूबाईंनी एकदा नेलेली वस्तू परत आल्याचं आमच्या संसारात उदाहरण नव्हतं. आमचा तांब्याचा हंडा अजून तिकडेच आहे.

हंड्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. पण शाळा सुटल्यावर मी घरी आलोय आणि कोणी खिसे तपासत नाही, हे नुसतं मनात आलं तरी मी खिशातली पेन्सिल चाचपून बघायचो. मला ते घर प्रमिलाशिवाय नको होतं.

सासूबाईंच्या मते पोर न जेवण्याचं मूळ माझ्याच घरात होतं. प्रमिलाच्या उष्टावणाला तिचा मामा शालिग्राम याने मांडीवर घेऊन तिला पहिला घास दिला होता. त्या वेळी त्यांच्याकडून मला धोतरजोडी आली, पोरीला चांदीची वाटी आली. आणि आमच्याकडून शालिग्रामला काय गेलं, तर टोपी. मामाला उष्टावणाला फेटा बांधायचा असतो, आणि आम्ही दिली टोपी, तीही आखूड. ती शालिग्रामच्या डोक्यावर ठेवली की घटकाभर बसायची आणि तो हसला की खाली पडायची. आहेर तोलाचा झाला नाही, तेव्हापासून पोरीच्या तोंडाला कुलूप बसलं, असं सासूबाईंचं ठाम मत होतं. ती टोपी त्यांनी पेटीत घडी घालून जपून ठेवली होती. ऐवज म्हणून नव्हे, पुरावा म्हणून.

मी शिक्षित माणूस असल्याने मी शास्त्राकडे वळलो. त्याच सुमारास शाळेत एक रंगीत घडीपत्रक आलं होतं, ‘बालकांचा समतोल आहार’. वर एक गुबगुबीत मूल हातात गाजर घेऊन हसत होतं. असं हसणारं मूल आमच्या तालुक्यात मी पाहिलेलं नव्हतं आणि गाजर बघून तर नाहीच. पण आत एक वाक्य होतं की हट्टी मूल इतर मुलांच्या पंगतीला बसवलं की आपोआप जेवू लागतं. मी ठरवलं की आळीतली चार लेकरं एका दुपारी घरी जेवायला बोलवायची. बेत एवढाच होता. चार लेकरं, एक सतरंजी, भाकरी-भाजी.

चूक एकच झाली. हा बेत मी गोजरबाईंच्या देखत बोललो.

संध्याकाळपर्यंत गावात दोन गट पडले. ज्यांची लेकरं बोलावली होती ते आणि ज्यांची नव्हती ते. दुसऱ्या गटातल्या बायका विहिरीवर सिंधूशी बोलेनाशा झाल्या. एकीने तर आपली पोरं आमच्याकडे खेळायला पाठवणं बंद केलं. ती पोरं प्रमिलाबरोबर बाहुलीचं लग्न खेळायची. त्या लग्नात पिंपळाच्या पानांचे आहेर व्हायचे, एका पक्षाने पान दिलं की दुसऱ्याने तेवढंच पान परत द्यायचं, आणि पान लहान निघालं की लग्न मोडायचं. थोडक्यात, मोठ्यांचंच सगळं होतं, फक्त मुंज्याच्या पिंपळाखाली.

मग सरपंच रामरावांनी मला बोलावून घेतलं. ते म्हणाले की मास्तर, तुम्ही सगळ्या गावाचे. निम्म्या गावाला जेवू घालून निम्म्याला उपाशी ठेवणं बरं दिसत नाही. करायचं तर शाळेपुढे, पंचायतीच्या नावाने करा. भाजीपाला गाव देईल. मी हो म्हणालो. माझं नाव हिंमतराव आहे, पण सरपंचांना नाही म्हणण्याचा प्रसंग वडिलांनी ते ठेवताना धरला नसावा.

शाळेपुढे करायचं म्हटल्यावर वरची परवानगी लागणार होती. शिक्षण खात्याच्या साहेबांकडे अर्ज गेला, तो परत आला, कारण त्यात ‘पंगत’ हा शब्द होता. पंगत लग्नाची असते, असं साहेबांचं म्हणणं पडलं. मी ‘सहभोजन’ लिहिलं. ते पुन्हा परत आलं, कारण त्या शब्दाला राजकीय वास येत होता. तिसऱ्या खेपेला मी ‘समतोल आहार प्रात्यक्षिक’ असं लिहिलं, आणि साहेब इतके खूश झाले की स्वतः येतो म्हणाले. प्रात्यक्षिक म्हटल्यावर सर्वांसमक्ष जेवून दाखवणारं एक आदर्श बालक पाहिजे, असं त्यांनी कळवलं. सरपंच म्हणाले, मास्तरची पोरगी आहेच की, आणि मला पुन्हा नाही म्हणता आलं नाही.

इथे भाषेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमचा जिल्हा काही वर्षांपूर्वीपर्यंत मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. आम्ही कुठेही हललो नव्हतो, पण कचेरीचे शब्द दर वेळी हलत होते. महाराष्ट्र झाल्यावर शुद्ध मराठीची लाट आली आणि साहेब त्या लाटेवर पुढे बसलेले होते. गावात आहाराला सगळे खुराक म्हणायचे. मी दवंडीत ‘चांगला खुराक’ असं म्हणावं का विचारलं, तर साहेबांनी सांगून पाठवलं की खुराक बैलाला असतो, राज्यातल्या बालकाला आहार असतो.

दवंडी द्यायला उकंडा कोतवाल होता. जन्मभर त्याने गावाची दवंडी दिली होती आणि लग्नसराईत मांडवात उभं राहून आहेर पुकारले होते. कोणाचं लुगडं, कोणाचा खण, कोणाकडून कोणाला, हे तो अशा आवाजात पुकारायचा की देणाऱ्याची छाती फुगावी आणि न देणाऱ्याने मांडवाबाहेर जावं. मी त्याला शाळेच्या पायरीवर बसवून ‘समतोल आहार’ घोकून घेतला. त्याने विचारलं, “समतोल म्हंजे सारख्या तोलाचा ना, मास्तर? कोनाले कमी नाही, कोनाले जास्त नाही?”

साधारण तसंच, असं मी म्हणालो.

“म्हंजे कोनी रुसाव नाही.”

विहिरीवरच्या अबोल्याने मी इतका कावलेला होतो की मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. होय, कोणी रुसू नये म्हणूनच हे सगळं, असं मी त्याला सांगितलं. उकंडा उठला, डफडं खांद्याला लावलं आणि म्हणाला की सरकारला एवढी अक्कल असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दवंडी मी घरातून ऐकली. आवाज वेशीकडून येत होता, मधे डफडं वाजत होतं, आणि शेवटचा शब्द नीट कानावर आला नाही. “आयका हो आयका, बुधवारी शाळेपुढं, लहान्या लेकरायले सरकारकडून समतोल” एवढं स्पष्ट होतं. माझं समाधान झालं. माणसाने आपल्या समाधानावर कधी विसंबू नये.

कारण लगेच गोजरबाई कुंपणापाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, “मास्तर, लुगडं हाये का नुसता खन?” मला वाटलं, समारंभाला काय नेसून यायचं ते विचारताहेत. मी म्हणालो, जे असेल ते चालेल, स्वच्छ असलं म्हणजे झालं. गोजरबाई जरा चमकल्या. सरकार धुतलेलं लुगडं देणार आहे हे त्यांना नवीन होतं. मग सरपंचांच्या घरून विचारणा आली की आमच्याकडून काय आणायचं. मी सांगितलं की आणाल ते चांगलंच, मळ्यातली भाजी, फळं, आणाल तेवढी बरी. गावाने त्याचा अर्थ परत आहेर असा घेतला आणि कामाला लागलं.

बुधवारी शाळेपुढचं मैदान बघून मी वाटेतच थांबलो. मी चाळीसएक लेकरं धरली होती. तिथे सगळं वडनेर होतं, शिवाय आजूबाजूच्या वस्त्या होत्या. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपलं होतं, आणि त्यांत वांगी, मेथी, पपया, भुईमुगाच्या शेंगा, तुरीची डाळ, भोपळे. एक म्हातारी आपल्या मिशीवाल्या मुलाला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवत होती. मी हटकल्यावर तिने उत्तर दिलं की आईला लेकरू लहानच असतं, आणि त्याच्या मापाचा सदरा निघाला तर बघा. सदऱ्याचा संबंध मला कळला नाही. मी मान डोलावली आणि पुढे गेलो.

तेवढ्यात वेशीकडून एक दमणी आली. बैलांना झुली होत्या. दमणीतून सासूबाई उतरल्या, ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसून. त्यांच्या मागून शालिग्राम उतरला. तो बोडका होता. पिंपळगाव राजापासून वडनेरपर्यंत चांगला कर्ता पुरुष उघड्या डोक्याने आला होता, आणि डोक्याला तेल लावून आला होता.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. लग्नानंतर प्रथमच त्या माझ्याकडे बघून हसल्या.

“जवाईबापू,” त्या म्हणाल्या, “उशिरानं का होईना, पन केलं. खामगावच्या बाजारात आयकलं मी. जवाई गावभर दवंडी पिटून समतोल आहेर करून राह्यला म्हने. मंग मी शालिग्रामले म्हनलं, चाल.”

मी शालिग्रामच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे पाहिलं, लुगड्यांकडे पाहिलं, मिशीवाल्या बालकाकडे पाहिलं. गोजरबाईंचा खण आठवला. आणि पायाखालची जमीन सरकते म्हणजे नक्की काय होतं ते मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. मी धावत उकंडाकडे गेलो आणि दवंडीत काय सांगितलंस विचारलं.

“तुमी सांगतलं तेच,” उकंडा म्हणाला. “समतोल आहेर.”

त्याला समजावायला वेळ नव्हता, कारण साहेबांची जीप आली. खांद्यावर नवा कोरा फेटा घेऊन सरपंच पुढे झाले. तो साहेबांना बांधायचा होता, पण साहेबांनी हात जोडून नको म्हटलं आणि थेट भाषणाला उभे राहिले. मी खालून खुणा करत होतो. त्यांना वाटलं मी वेळ झाल्याचं सांगतोय.

साहेबांचं भाषण मी जन्मात विसरणार नाही. ते म्हणाले, प्रत्येक बालकाला समतोल आहार मिळालाच पाहिजे, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ते म्हणाले, मुलगा असो की मुलगी, आहारात भेद नको, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सरकारी भाषणाला असा प्रतिसाद साहेबांनी कधी पाहिला नव्हता. त्यांचा आवाज चढत गेला. आणि मग चढलेल्या आवाजातच ते म्हणाले की हा समतोल आहार आपण सर्वांनी आपापल्या घरी, स्वतःच्या खर्चाने करायचा आहे.

टाळ्या थांबल्या. सरपंच उठून उभे राहिले.

“घरी म्हंजे काय, साहेब? सरकार काही देनार नाही?”

“सरकार मार्गदर्शन देणार,” साहेब म्हणाले.

पुढचा काही वेळ कोण काय बोललं ते सांगता येणार नाही, कारण सगळेच बोलत होते. मिशीवाल्या बालकाने सर्वात जास्त आरडाओरडा केला. माझं नाव बऱ्याच वेळा आलं, आणि एकदाही त्याला ‘मास्तर’ जोडलेलं नव्हतं. पण वडनेरची माणसं सरळ आहेत. सरकारने आपला शब्द पाळला नाही म्हणून आपण आणलेला आहेर परत न्यायचा, हे त्यांच्या रीतीत बसेना. गोजरबाई पुढे झाल्या आणि आपल्या टोपल्यातला भोपळा त्यांनी साहेबांच्या पुढे धरला. साहेब मागे सरकले. शासकीय सेवकाला भेट घेता येत नाही, असा नियम त्यांनी सांगितला. त्यांनी तो दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा शुद्ध मराठीत सांगितला.

बायकांनी टोपल्यांवर पदर ओढले. आधीचा राग परवडला असता. कारण आता आहेर मिळाला नव्हता एवढंच नव्हतं, दिलेला आहेर नाकारला होता. गोजरबाईंचे डोळे भरले.

सासूबाई उठल्या. त्यांनी पदर नीट घेतला आणि साहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “आहेर नाकारत नसतेत. लहान असो का मोठा असो, घ्या लागते. नाकारला का मानूस जलमाचा तुटते.”

साहेबांनी एकदा नियमाचा विचार केला, एकदा सासूबाईंकडे बघितलं आणि भोपळा घेतला. मांडीवर भोपळा घेऊन ते खुर्चीत बसले. प्रमिला माझा हात धरून उभी होती आणि हे सगळं टक लावून बघत होती. तिच्या उजव्या गालात सकाळचा घास होता.

भोपळ्यावरून लोकांचं लक्ष काढावं म्हणून साहेबांनी घाईघाईने प्रात्यक्षिकाला सुरुवात करा म्हटलं. पाट मांडला. प्रमिलाला बसवलं. ताट पुढे आलं. भाकरी, वरण, मेथी, पपईच्या फोडी, ताक आणि एका बाजूला तळलेल्या कारल्याच्या चकत्या. कारलं ताटात कोणी ठेवलं ते मला अजून कळलेलं नाही. सिंधूला विचारलं तर ती चूल फुंकायला लागते.

साहेब म्हणाले, बाळ, जेव. प्रमिलाने ओठ मिटले. मी वाकून हळूच सांगितलं. तिने ओठ आणखी मिटले. सिंधूने घास पुढे केला, तिने मान फिरवली. अख्खं गाव बघत होतं. आहार शिकवणारा मास्तर, आणि ही त्याची पोरगी. कोणीतरी मागून हसलं. माझ्या अब्रूचं काय झालं हे त्या क्षणी मला खरंच कळत नव्हतं, कारण मी सासूबाईंकडे बघत होतो. त्या प्रमिलाच्या मनगटाकडे बघत होत्या.

“सिंधू,” त्या म्हणाल्या, आणि आवाज मुळीच चढलेला नव्हता, “दसऱ्याची वाट कायले पाह्यची? पोरीचे कपडे बांध. दमनी हायेच.”

 सिंधूने भाकरीचा तो घास तसाच पुढे धरला होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि प्रमिलासारखं मिटून घेतलं. हिंमतराव.

आणि त्याच वेळी डफड्यावर टिपरी पडली. उकंडा बिचारा सकाळपासून पुकारण्यासाठी उभा होता आणि अजून एकही आहेर पुकारायला मिळाला नव्हता. पाटावर कोणीतरी बसलंय, समोर कोणीतरी हात पुढे करून उभं आहे, एवढं त्याला पुरलं.

“आयका हो! सिंधूबाई हिंमतराव यायच्याकडून प्रमिलाबाईले, भाकरीचा आहेर!”

प्रमिलाने वर पाहिलं. मग भोपळा मांडीवर घेतलेल्या साहेबांकडे पाहिलं. मग आजीकडे. मग गालातला सकाळचा घास तिने गिळला, जागा केली आणि तोंड उघडलं.

मैदानावर आधी कोणाला काही कळलं नाही. मग गोजरबाईंना कळलं आणि त्या आपली मेथी घेऊन पुढे धावल्या. “गोजरबाईकडून मेथीचा आहेर!” पोरीने मेथी खाल्ली. “सरपंच रामरावकडून पपईचा!” तीही खाल्ली. रांग लागली. डफडं वाजत होतं, उकंडाला घाम फुटला होता, आणि माझी पोरगी मोठ्या नवरीच्या गांभीर्याने एकेकाचा घास घेत होती, चावत होती, गिळत होती. सिंधू रडत होती. मीही रडत होतो, पण ताक घ्यायच्या निमित्ताने खाली वाकून.

वाकलो ही चूक झाली. प्रमिलाने जेवता जेवता थांबून ताटाकडे पाहिलं. बाहुलीच्या लग्नात आहेर घेतला की परत द्यायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने इकडेतिकडे बघून कारल्याची एक चकती उचलली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

“बाबा,” ती म्हणाली, “परत आहेर.”

मी म्हणालो, बेटा, पपई दे. तिने मान हलवली. तिला पिंपळाच्या पानांचा अनुभव होता. पान सारखं पाहिजे, लहान चालत नाही, आणि तिने नावडतं खाल्लं होतं.

“प्रमिलाबाईकडून हिंमतराव मास्तरले,” उकंडाने सगळ्या ताकदीने पुकारलं, “कारल्याचा आहेर!”

सगळं वडनेर बघत होतं. साहेब भोपळ्यावरून मान काढून बघत होते. पूर्ण विचार करून घेतलेला माझा निर्णय माझ्या नाकासमोर काळपट हिरवा होऊन लोंबत होता.

“जवाईबापू,” सासूबाई मागून म्हणाल्या, “आहेर नाकारत नसतेत.”

मी खाल्लं. कसं लागलं ते सांगणार नाही, मास्तराच्या तोंडी तसे शब्द शोभत नाहीत. पण गिळल्यावर प्रमिलाने भाकरीचा दुसरा घास घेतला, आणि लगेच दुसरी चकती उचलली.

त्या दिवशी साहेबांना नको झालेला कोरा फेटा मी सरपंचांकडून मागून घेतला आणि शालिग्रामच्या तेल लावलेल्या डोक्याला स्वतःच्या हाताने बांधला. मला फेटा बांधता येत नाही. तो तिरका बसला. पण टोपीपेक्षा मोठा होता आणि हसल्यावर पडला नाही. सासूबाई त्याच्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि दमणीत बसताना प्रमिलाचे कपडे त्यांनी मागितले नाहीत. साहेबांनी भोपळा जीपमध्ये नेला. पुढे तो त्यांच्या अहवालात आला नाही.

प्रमिला तेव्हापासून जेवते. अट एकच आहे, पुकारल्याशिवाय घास घेत नाही. मी रोज दोन वेळा ओसरीवर उभा राहून, उलथ्या पातेल्यावर पळी मारून, दोडक्याचा आहेर, गवारीचा आहेर असं पुकारतो. शाळेतल्या पोरांना ते पाठ झालं आहे. आणि प्रत्येक घासाला परत आहेर असतो, त्यात सवलत मिळत नाही. सिंधू म्हणते की माझा रंग सुधारला आहे.

दसऱ्याला शालिग्राम सोनं द्यायला आला, तिरका फेटा तसाच ठेवून. सासूबाईंनी माझ्यासाठी काहीतरी पाठवलं होतं. उष्टावणाची ती आखूड टोपी होती. मला वाटलं, प्रकरण मिटलं, पुरावा परत आला. मी दोन्ही हात पुढे केले. टोपी जड लागली. आत मळ्यातली कोवळी कारली काठोकाठ भरली होती, आणि प्रमिला पातेलं आणि पळी घेऊन माझ्या पायाशी येऊन बसली होती.